पाऊस वाढला की पावसाच्या वाटेतली माणसं? अतिवृष्टीचा कल आणि तिचा तडाखा स्वतः मोजायची रीत

मोठा पूर येऊन गेला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "असा पाऊस उभ्या जन्मात पाहिला नव्हता" हे एक, आणि "दर वर्षी नुकसान वाढतच चाललंय" हे दुसरं. दोन्ही खरी असू शकतात, पण पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. पाऊस होता तेवढाच राहिला आणि ओढ्याच्या काठी नवी वस्ती उभी राहिली, तरी नुकसान दुप्पट होतं. उलट पाऊस खरोखर वाढलेला असतो, पण तिथले लोक कधीच दुसरीकडे राहायला गेलेले असतात आणि नुकसानीच्या आकड्यांत त्या वाढीचा मागमूसही लागत नाही.

म्हणून हा हिशोब दोन वह्यांत मांडायचा. एकीत पाऊस, दुसरीत माणसं आणि त्यांची मालमत्ता. दोन्ही वह्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. या कामातल्या बहुतेक चुका त्या घाईने एकत्र केल्यामुळे झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काही माझ्याच आहेत.

लागणारं सामान फार नाही. एक स्प्रेडशीट, क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर, आणि आर किंवा पायथन या संगणकभाषा थोड्याफार येत असतील तर उत्तम. एखाद्या जिल्ह्याएवढ्या प्रदेशाचं काम आठवड्याभरात उरकतं. त्यातले चार दिवस डेटा गोळा करण्यात आणि निस्तरण्यातच जातात, तेव्हा दुसऱ्या दिवशी आलेख निघाला नाही म्हणून हिरमुसू नका.

पायरी १ : "जास्त पाऊस" म्हणजे नेमका कोणता, ते ठरवा

अतिवृष्टी हा शब्द बातमीत चालतो, हिशोबात तेवढ्याने भागत नाही. हवामानशास्त्रात त्यासाठी ठरीव निर्देशांक आहेत. आरएक्स१डे म्हणजे वर्षातल्या सर्वांत ओल्या एका दिवसाचा पाऊस. आरएक्स५डे म्हणजे सलग पाच दिवसांचा सर्वाधिक पाऊस. आर९५पी म्हणजे आधारकाळातल्या (तुलनेसाठी ठरवलेल्या जुन्या वर्षांतल्या) ९५व्या पर्सेंटाइलपेक्षा, म्हणजे शंभरातले ९५ दिवस जिच्या खाली राहतात त्या मर्यादेपेक्षा, जास्त पाऊस झालेल्या दिवसांच्या पावसाची वर्षभराची बेरीज. हा पर्सेंटाइल फक्त पावसाच्या दिवसांवरून, म्हणजे किमान १ मिमी पाऊस झालेल्या दिवसांवरून काढायचा असतो. कोरडे दिवस त्यात मिसळले, तर कोरड्या प्रदेशात "अतिवृष्टी"ची मर्यादा दोन-तीन मिमीवर येऊन बसते आणि नुसती भुरभुरही आपत्ती ठरते.

यातला कोणता निवडायचा, हे पाणी कुठे तुंबणार यावर ठरतं. शहरातली गटारं आणि छोटे ओढे तासाच्या पावसाने भरतात. चीनमधल्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला, म्हणजे तिथल्या वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ एक तृतीयांश. भुयारी रेल्वेत पाणी शिरून १४ जण दगावले. दिवसाच्या बेरजेत हा तास हरवून जातो. मोठ्या नदीचं मात्र उलट असतं. एका तासाच्या सरीने तिला काही होत नाही. पाच-दहा दिवसांची संततधार तिला भरते, तिथे आरएक्स५डे किंवा त्याहून लांब मुदत घ्या.

सगळीकडे एकच मर्यादा लावू नका. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक इथे २४ तासांत १,८२५ मिमी पाऊस नोंदला गेला, तो आजही जागतिक विक्रम आहे. संयुक्त अरब अमिरातीत एप्रिल २०२४ मध्ये एका ठिकाणी २५४.८ मिमी पडला आणि देशाचा कारभार ठप्प झाला. रियुनियनच्या डोंगरात त्या पावसाची कोणी फारशी दखल घेतली नसती.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करून घ्या. वर्षाची सरासरी आणि अतिवृष्टी एकाच दिशेने जातात असं नाही. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोसमी पावसाची बेरीज घटत गेली, आणि त्याच काळात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. फक्त सरासरी पाहणाऱ्याला तिथे पाऊस कमी होताना दिसला असता.

वाढीमागचं भौतिकशास्त्र अगदी साधं आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ढगाला मिळणारा कच्चा माल वाढतो, मग जेव्हा पडतो तेव्हा जास्त पडतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल-समितीच्या २०२१च्या अहवालानुसार औद्योगिकीकरणापूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी एका दिवसाची अतिवृष्टी सुमारे १ अंश तापमानवाढीनंतर १.३ पट वारंवार येते आणि ६.७ टक्के जास्त पाणी आणते. वाढ २ अंशांवर गेली तर १.७ पट आणि १४ टक्के, ४ अंशांवर २.७ पट आणि ३० टक्के. हे जगाच्या जमिनीचं चित्र आहे, तुमच्या एका खोऱ्याचं नव्हे. तुमचा आकडा तुम्हालाच काढायचा आहे.

पायरी २ : डेटा कुठून घ्यायचा

तीन घराणी आहेत आणि प्रत्येकाचे रुसवेफुगवे वेगळे.

पहिलं घराणं पर्जन्यमापकांचं. राष्ट्रीय हवामान खात्यांच्या नोंदी असतात, आणि जगभरच्या एक लाखाहून जास्त केंद्रांच्या दैनिक नोंदी अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या जीएचसीएन-डेली संग्रहात मोफत मिळतात. पर्जन्यमापक खरा पाऊस मोजतो, पण मोजतो तो थाळीएवढ्या तोंडातून. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी नोंद झाली. एकाच शहरातली दोन केंद्रं, एकच दिवस. कुलाब्याचंच केंद्र असतं तर कागदावर तो दिवस साधा पावसाळी ठरला असता.

दुसरं घराणं उपग्रहांचं. जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रह-मोहिमेचा आयमर्ग डेटा अर्ध्या तासाचा आणि ०.१ अंशाच्या चौकटींचा (नकाशाच्या चौरस तुकड्यांचा) आहे. चर्प्स हा दुसरा संच १९८१ पासूनचा आहे आणि तो उपग्रह व केंद्रं यांची सांगड घालतो. तिसरं घराणं पुनर्विश्लेषणाचं, म्हणजे जुनी निरीक्षणं हवामान-मॉडेलमध्ये घालून तयार केलेला सलग इतिहास. त्यात ईआरए५ हा १९४० पासूनचा, तासातासाचा, सुमारे ३१ किमीच्या चौकटींचा संच सर्वांत जास्त वापरला जातो.

चौकटीचा आकडा ही त्या चौकटीची सरासरी असते, हे विसरलात की घोळ झालाच म्हणून समजा. समजा ३० गुणिले ३० किमीच्या चौकटीच्या एक दशांश भागावर ३०० मिमी कोसळला आणि बाकी भागावर २० मिमी. चौकटीची सरासरी येते ४८ मिमी. बुडालेल्या गावाला ४८ मिमी दाखवणारा नकाशा घेऊन जा, लोक काय म्हणतील ते ऐका.

माझी पद्धत अशी: कल काढायला केंद्रं, जागेवर पसारा किती ते पाहायला उपग्रह, आणि जिथे केंद्रंच नाहीत तिथे नाइलाज म्हणून पुनर्विश्लेषण. एकाच मालिकेत १९९९पर्यंत केंद्र आणि २०००पासून उपग्रह असं ठिगळ कधीही लावू नका. सांध्यावर जी उडी दिसेल, ती हवामानाची नसून उपकरणाची असेल.

पायरी ३ : नोंदी धुऊन घ्या

इथे वेळ घालवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बाकी सगळं यावर उभं आहे.

एका जुन्या केंद्राच्या नोंदी तपासताना मला दर सोमवारी जास्त पाऊस पडताना दिसला. आठवड्याच्या वाराशी पावसाचं काही नातं नसतं. शनिवार-रविवार मोजणारा सुट्टीवर असायचा आणि तीन दिवसांचं साठलेलं पाणी सोमवारच्या रकान्यात एकदम लिहिलं जायचं. शनिवार-रविवारच्या जागी शून्य. त्या केंद्राची वार्षिक बेरीज अगदी बरोबर होती, आरएक्स१डे मात्र निव्वळ बनावट. तेव्हापासून कोणतीही मालिका हातात आली की मी आधी वारानुसार सरासरी काढतो. दोन मिनिटांचं काम आहे.

मग या गोष्टी पाहा:

- शून्य आणि "नोंद नाही" वेगळे आहेत का? जुन्या फायलींत रिकाम्या जागी ०, ९९९ किंवा -९९९ असं काहीही भरलेलं असतं.
- एकक मध्येच बदललं आहे का? इंचाचा मिमी झाला की आकडा २५.४ पट होतो. दशांशचिन्ह हललं की दहापट.
- संशयास्पद मोठा आकडा दिसला, तर त्याच दिवशी शेजारच्या केंद्रांवर काय आहे? शेजारी कोरडे असले म्हणून तो लगेच खोडू नका. सांताक्रूझ आठवा. त्या दिवसाचं उपग्रहचित्र किंवा नदीची पातळी पाहा आणि मगच ठरवा.
- केंद्र हललं आहे का, आजूबाजूला इमारत किंवा झाड उभं राहिलं का, हाताने मोजायचं यंत्र जाऊन स्वयंचलित आलं का? स्वयंचलित यंत्रातली डुलणारी बादली मुसळधार पावसात मागे पडते आणि कमी मोजते. म्हणजे ज्या सरीसाठी आपण हा खटाटोप करतो, नेमकी तीच कमी भरते.
- ज्या वर्षात पावसाळ्यातल्याच नोंदी गहाळ आहेत, ते वर्ष बाद करा. कोरड्या ऋतूतला महिना नसला तर फारसं बिघडत नाही.

मोजणीच्या वेळेचीही एक गंमत आहे. पाऊस सकाळी ठरल्या वेळी मोजतात. वादळ रात्री ऐन भरात असताना ती वेळ मध्ये आली, तर एकाच सरीचे दोन दिवसांत दोन तुकडे पडतात. म्हणून ठरीव वेळेच्या दिवसाचा कमाल पाऊस हा कोणत्याही सलग २४ तासांच्या कमाल पावसापेक्षा सरासरीने कमी असतो. अभियंते यासाठी १.१३ हा गुणक वापरतात. नाल्याचा आकार ठरवायचा असेल तर तो लावा. कल काढायचा असेल तर गरज नाही, कारण सगळ्याच वर्षांना सारखाच गुणक लागतो. मोजणीची वेळच मध्ये बदलली असेल, तर मात्र थांबा.

पायरी ४ : कल काढा, पण एका केंद्राच्या जिवावर बोलू नका

किमान तीस वर्षं, शक्यतो पन्नास वर्षांची आरएक्स१डेची मालिका घ्या. स्प्रेडशीटमधली नेहमीची सरळ रेषा इथे नको, कारण एखाद्या राक्षसी वर्षामुळे ती वाकते. ते वर्ष मालिकेच्या शेवटी असलं तर हमखास "वाढ" दिसते. त्याऐवजी थील-सेन उतार काढा. प्रत्येक दोन वर्षांच्या जोडीचा उतार काढायचा आणि त्या सगळ्यांतला मधला घ्यायचा. चाळीस वर्षांच्या ७८० जोड्या होतात, त्यामुळे एका वर्षाची दादागिरी चालत नाही. सोबत मान-केंडाल चाचणी लावा. दिसणारा कल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, ते ती सांगते.

आणि इथे बहुतेकांची निराशा होते, कारण चाचणी म्हणते, "ठामपणे सांगता येत नाही." घाबरू नका. वर्षातली एकच संख्या आणि तीही इतकी उड्या मारणारी, तिच्यात हळू वाढ लपून जाते. २०१३ मध्ये जगभरच्या ८,३२६ केंद्रांच्या दीर्घ नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन तृतीयांश केंद्रांवर आरएक्स१डे वाढताना दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसाला उतरलेली लक्षणीय वाढ फक्त ८.६ टक्के केंद्रांवर होती. हा आकडा किरकोळ वाटतो ना? पण कसलाच कल नसता, तर योगायोगाने २.५ टक्क्यांच्या आसपास केंद्रं तशी निघाली असती. एका केंद्राला जे सांगता येत नाही, ते हजारो केंद्रं मिळून सांगतात.

तेव्हा प्रदेशातली सगळी चांगली केंद्रं एकत्र पाहा. किती वाढतायत, किती घटतायत, लक्षणीय किती. वीस केंद्रांपैकी एक "लक्षणीय" निघालं म्हणून त्याचा मथळा करू नका, कारण पाच टक्क्यांच्या कसोटीला वीसात एक फुकट मिळतंच. शेजारची केंद्रं एकाच वादळात भिजतात, म्हणजे त्यांचे पुरावे पूर्ण स्वतंत्र नसतात, हेही ध्यानात असू द्या.

सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष पाच-पाच वर्षं पुढेमागे सरकवून उतार पुन्हा काढा. चिन्ह बदललं, तर तुमच्याकडे कल नाही. तसं लिहून टाका.

पायरी ५ : "शंभर वर्षांतून एकदा"चा अर्थ

पुढच्या कामासाठी पावसाचा परतावा काळ लागतो, म्हणजे तेवढा पाऊस सरासरीने किती वर्षांतून एकदा येतो ते. झटपट अंदाजासाठी वार्षिक कमाल आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा. एकूण वर्षांत एक मिळवा आणि त्या आकड्याच्या क्रमांकाने भागा. ४९ वर्षांत दुसऱ्या क्रमांकाचा पाऊस म्हणजे ५० भागिले २, साधारण २५ वर्षांतून एकदा. त्यापुढे जायचं तर आकड्यांवर जीईव्ही नावाचं वितरण, म्हणजे टोकाच्या आकड्यांसाठीचं संख्याशास्त्रीय सूत्र, बसवावं लागतं. आर आणि पायथनमध्ये तयार साधनं आहेत. ३० वर्षांच्या नोंदींवरून ५०० वर्षांचा आकडा काढून देणाऱ्या माणसाकडे मात्र जरा संशयाने पाहा.

"शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे "एकदा आला, आता शंभर वर्षं निश्चिंत" असं नव्हे. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षं एका घरात राहिलात, तर तसा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के. आणि पाऊसच वाढत असेल तर तो एक टक्काही जुना झालेला असतो. मालिकेचे दोन भाग करून दोन्हींचा परतावा काळ वेगवेगळा काढा. पूर्वीचा शंभर वर्षांचा पाऊस आता किती वर्षांचा झाला, ही संख्या लोकांना उताराच्या मिमीपेक्षा लवकर कळते.

पायरी ६ : पावसावरून पाण्यापर्यंत

पहिली वही इथे संपते. पाऊस कुठे पडला आणि पाणी कुठे चढलं, यांतलं अंतर जीवघेणं असू शकतं. स्पेनमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरीस इथे २४ तासांत ७७१.८ मिमी पाऊस झाला. माणसं मेली ती मुख्यतः त्या डोंगराळ भागाच्या खाली, वॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेला, पायपोर्तासारख्या गावांत. तिथे पाऊस नावापुरताच होता. ओढ्यातून वरचं पाणी आलं. दोनशेहून जास्त बळी गेले. पावसाच्या नकाशावर लोकसंख्येचा नकाशा ठेवून मोजणी केली असती, तर पायपोर्ता सुरक्षित निघालं असतं.

म्हणून मध्ये पाण्याचा नकाशा हवा. तयार हवा असेल तर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने वेगवेगळ्या परतावा काळांसाठी नदीपुराचे जागतिक नकाशे मोफत दिले आहेत. पण ते मोठ्या नद्यांचे आहेत, शहरात जागच्या जागी तुंबणारं पाणी त्यांत नाही. झालेल्या पुराचा नकाशा हवा असेल तर सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार-चित्रं घ्या, रडारला ढग आड येत नाहीत. मात्र उपग्रह डोक्यावर येईपर्यंत झटपट येणारा पूर ओसरून गेलेला असतो, आणि दाट इमारतींमधलं पाणी रडारलाही नीट दिसत नाही.

काहीच नसेल तर उंचीच्या नकाशावरून प्रत्येक जागा जवळच्या ओढ्यापेक्षा किती वर आहे ते काढा. ३० मीटरच्या चौकटींचे कोपर्निकस उंची-नकाशे मोफत आहेत. त्यांत इमारती आणि झाडांचे शेंडे "जमीन" म्हणून मोजले जातात, त्यामुळे दाट वस्ती प्रत्यक्षापेक्षा उंच आणि म्हणून सुरक्षित दिसते. इमारती-झाडं वजा केलेला नकाशा मिळाला तर तोच घ्या.

पायरी ७ : माणसं मोजा, आणि वाढीचे तुकडे करा

लोकसंख्येचे चौकटीवार नकाशे वर्ल्डपॉप आणि जीएचएस-पॉप यांच्याकडे १०० मीटरपर्यंत मिळतात. लँडस्कॅन साधारण १ किमीचा आहे आणि तो रात्रीच्या झोपेच्या जागेऐवजी २४ तासांची सरासरी वावर-जागा दाखवतो. तिन्ही वेगवेगळे आकडे देतील. दोन तरी वापरा आणि फरक लपवू नका. हे नकाशे जनगणनेचे आकडे इमारती, रस्ते, दिवे पाहून वाटून दिलेले असतात. एकेका चौकटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, गावाच्या पातळीवर ठीक.

क्यूजीआयएसमधली एक चूक इतकी सर्रास होते की ती बारकाईने सांगतो. पाण्याचा नकाशा १ किमीचा आणि लोकसंख्येचा १०० मीटरचा असेल, तर दोन्ही एका मापात आणावे लागतात. अशा वेळी सॉफ्टवेअर बहुधा आपणहून सरासरी घेतं. १ किमीच्या एका चौकटीत १०० मीटरच्या शंभर चौकटी मावतात. प्रत्येकीत ४० माणसं असतील, तर बेरीज ४,००० आणि सरासरी ४०. सरासरी घेतली की शंभरातले नव्व्याण्णव लोक नकाशावरून नाहीसे होतात, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. संख्या मोजताना नेहमी बेरीज निवडा. रूपांतरानंतर संपूर्ण प्रदेशाची एकूण लोकसंख्या आधीइतकीच आहे ना, हे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता दोन वह्या एकत्र आणायची वेळ. समजा एका पूरप्रवण पट्ट्यात सुरुवातीला २ लाख लोक होते आणि वर्षाला सरासरी २ दिवस अतिवृष्टीचे. म्हणजे ४ लाख माणूस-दिवस. आज तिथे ३.५ लाख लोक आहेत आणि दिवस ३. म्हणजे १०.५ लाख माणूस-दिवस. वाढ ६.५ लाखांची. बातमी होईल, "अतिवृष्टीचा तडाखा अडीचपट." तुम्ही मात्र तुकडे करा:

- लोक तेवढेच राहिले असते आणि फक्त पाऊस वाढला असता तर: २ लाख गुणिले १ दिवस, म्हणजे २ लाख.
- पाऊस तोच राहिला असता आणि फक्त लोक वाढले असते तर: १.५ लाख गुणिले २ दिवस, म्हणजे ३ लाख.
- वाढलेल्या लोकांवर वाढलेला पाऊस: १.५ लाख गुणिले १ दिवस, म्हणजे १.५ लाख.

या तीन ओळी म्हणजे सगळ्या कामाचं सार, कारण प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. पहिलीला इशारा-यंत्रणा आणि नाल्यांचा नवा आकार लागतो, दुसरीला बांधकाम-परवानग्या. तिसरी ओळ हक्काने कोणा एकाच्या खात्यात टाकू नका, ती दोघांची आहे.

आणि दुसरी ओळ जगभर मोठी निघते. २००० ते २०१८ मधल्या ९१३ मोठ्या पुरांची उपग्रहचित्रं तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. त्या पुरांनी २५.५ ते २९ कोटी लोकांना थेट गाठलं. आणि जिथे पाणी आलेलं दिसलं, त्याच जागांची लोकसंख्या २००० ते २०१५ या काळात ५.८ ते ८.६ कोटींनी वाढली होती. माणसं पाण्यापासून दूर जाण्याऐवजी पाण्याकडेच सरकली. स्वस्त जमीन बहुधा तिथेच असते.

पायरी ८ : पैशाचा हिशोब

इथे मी हात आखडता घेतो, कारण आर्थिक आकडे दिसतात नेमके आणि असतात ढिले. एकूण उत्पन्नाचे चौकटीवार नकाशे मिळतात, पण त्यांतले बरेचसे प्रादेशिक उत्पन्न लोकसंख्येनुसार वाटून केलेले असतात. ते पुराच्या नकाशावर ठेवलेत, तर माणसांचीच मोजणी दुसऱ्यांदा केलीत आणि तिला पैशाचं लेबल लावलंत, एवढंच होतं. शक्य असेल तर इमारती, शेतं, कारखाने, रस्ते वेगवेगळे मोजा आणि पाण्याच्या खोलीनुसार नुकसानीचं प्रमाण लावा. त्यासाठीचे खोली-नुकसान आलेख प्रसिद्ध आहेत.

नुकसानीचा एकच आकडा द्यायचा तर "वार्षिक सरासरी" द्या. समजा ५ वर्षांच्या पुरात नुकसान ०, १० वर्षांच्या पुरात २० एकक, ५० वर्षांच्या पुरात ६०, १०० वर्षांच्या पुरात १००. लागोपाठच्या दोन पुरांच्या नुकसानीची सरासरी घ्या आणि त्यांच्या वार्षिक शक्यतांतल्या फरकाने गुणा. १० गुणिले ०.१ म्हणजे १. ४० गुणिले ०.०८ म्हणजे ३.२. ८० गुणिले ०.०१ म्हणजे ०.८. शंभराच्या पुढचं धरून आणखी १. एकूण वर्षाला ६ एकक. यातलं निम्म्याहून जास्त ओझं १० ते ५० वर्षांच्या मधल्या पुरांचं आहे. परिषदा भरतात त्या शंभर वर्षांच्या पुरावर, खिसा रिकामा करतात हे मधलेच.

भिंती आणि सामान एवढंच नुकसान नसतं. २०११ मध्ये थायलंडमधल्या औद्योगिक वसाहती बुडाल्या आणि जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा पडला. जागतिक बँकेने त्या पुराचं नुकसान सुमारे ४६.५ अब्ज डॉलर धरलं. ७७ देशांतल्या १,५५४ प्रदेशांचा गेल्या चाळीस वर्षांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाचे दिवस आणि एका दिवसातला तीव्र पाऊस वाढला की आर्थिक वाढ मंदावते, असं त्यात दिसलं. फटका शेतीपेक्षा सेवा आणि कारखानदारीला जास्त, आणि श्रीमंत देशांना अधिक. हे वाचून मीही चमकलो होतो. पण ट्रकच वेळेवर पोचला नाही तर कारखाना थांबतो, मग त्याच्या छतावर थेंब पडो वा न पडो.

माणसं आणि पैसा मात्र एकाच आकड्यात कोंबू नका. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार शंभर वर्षांच्या पुराच्या कक्षेत १८१ कोटी लोक आहेत, म्हणजे जगाचे २३ टक्के, आणि त्यांतले ८९ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. एका श्रीमंत वस्तीतले बुडालेले तळमजले पैशांत मोजले, तर हजार झोपड्यांपेक्षा भारी भरतात. नुसता पैसा पाहून बांध कुठे घालायचा हे ठरवलं, तर बांध कुठे पडेल हे सांगायला नको. दोन रकाने ठेवा. तिसरा रकाना नुकसानीचं घरच्या उत्पन्नाशी प्रमाण काय, याचा ठेवता आला तर फारच चांगलं.

पायरी ९ : लिहिताना आणि नंतर

निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यात काळ, जागा, निर्देशांक आणि डेटासंच आला पाहिजे. "पाऊस वाढलाय" असं न लिहिता "अमुक खोऱ्यातल्या १४ पैकी ११ केंद्रांवर १९७१ ते २०२० मध्ये आरएक्स१डे वाढला, त्यांतल्या ३ केंद्रांवर लक्षणीय" असं लिहा. एखाद्या ठरावीक वादळाला हवामानबदल जबाबदार का, हा प्रश्न हमखास येईल. कलावरून त्याचं उत्तर देऊ नका, त्यासाठी वेगळी पद्धत आहे. जर्मनी-बेल्जियममधल्या जुलै २०२१च्या पुरानंतर वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन गटाने असा अभ्यास केला आणि उत्तर पट्ट्यात दिलं: तसा पाऊस ३ ते १९ टक्के जास्त तीव्र, आणि १.२ ते ९ पट जास्त संभवनीय झालाय. ९ पट तेवढं उचलून छापणारे पुष्कळ निघाले.

डेटासंचाची आवृत्ती आणि उतरवून घेतल्याची तारीख टिपून ठेवा. हे संच मागच्या तारखांसकट सुधारले जातात. सहा महिन्यांनी तुमचेच आकडे तुम्हाला जुळत नाहीत, मग चूक शोधण्यात आठवडा जातो.

आणि पुढचा पूर ओसरला की नकाशाची छापील प्रत आणि मोजपट्टी घेऊन बाहेर पडा. भिंतीवर चिखलाची आडवी रेघ दोन-तीन दिवस स्पष्ट दिसते, मग लोक धुऊन टाकतात. वीस-तीस घरांवरची रेघ जमिनीपासून मोजा, फोनवर जागा टिपा, पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ राहिलं ते तिथल्या लोकांना विचारा. नकाशाने कोरडी दाखवलेली आणि प्रत्यक्षात ओली निघालेली घरं लाल पेनाने खुणा करून ठेवा. पुढच्या खेपेला पायरी ६ त्या लाल खुणांपासून सुरू करायची.